एर्लिंग स्काक्केची केस: बाप राजा नाही, तरी पोरगा राजा

मध्ययुगीन नॉर्वेबद्दल वाचायला लागलं की पहिल्यांदा डोकंच फिरतं, कारण ११३० ते १२४० या शंभरेक वर्षांत तिथं इतके राजे, इतके दावेदार आणि त्यातले निम्मे एकाच नावाचे, की कोण कोणाचा भाऊ आणि कोणी कोणाला मारलं हे कागदावर लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी सगळा पसारा बाजूला ठेवून एकच केस घेतोय. ११६१ मध्ये एर्लिंग स्काक्के नावाच्या एका सरदारानं आपल्या पाच वर्षांच्या पोराला गादीवर बसवलं, आणि पोराचा क्लेम कच्चा आहे हे माहीत असल्यामुळं तो पक्का करायला पुढची अठरा वर्षं घालवली. कायदा, चर्च, परदेशी राजा, तलवार, सगळं वापरलं. तरी शेवटी ज्याच्याकडून हरला त्याचा क्लेम खरा होता की खोटा हे आजही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझं म्हणणं असं की हा योगायोग नाही, तो माणूस एर्लिंगच्याच कारभारातून तयार झाला.

आधी तिथला नियम काय होता ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. नॉर्वेत तेव्हा राजाचा मुलगा म्हणजे राजाचा मुलगा, औरस असो की दासीचा, थोरला असो की धाकटा, हक्क सगळ्यांचा सारखा. थिंग म्हणजे लोकांची सभा, तिनं नाव पुकारलं की झाला राजा. दोन-तीन भाऊ एकाच वेळी राजे असणं यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही, जमलं तर वाटून खायचं, नाही जमलं तर लढायचं. आणि हक्क सिद्ध करायचा तर? ११२० च्या दशकात हाराल्ड गिल्ले नावाचा एक जण आयर्लंडकडून आला आणि म्हणाला मी तेव्हाच्या राजाचा, सिगुर्डचा, सावत्र भाऊ आहे. त्याला तापलेल्या नांगराच्या फाळांवरून अनवाणी चालायला लावलं, पाय भाजले नाहीत असं ठरलं, मग भाऊ म्हणून मान्य. सिगुर्डनं एवढीच शपथ घेतली की मी आणि माझा मुलगा जिवंत असेपर्यंत तू गादी मागायची नाहीस. ११३० मध्ये सिगुर्ड गेला आणि हाराल्डनं शपथ वाऱ्यावर सोडली. ११३५ मध्ये त्यानं सिगुर्डच्या मुलाचे डोळे काढले, त्याला खच्ची केलं, मठात टाकलं आणि स्वतः एकटा राजा झाला. पुढच्याच वर्षी त्याचाही खून झाला, मारणारा अजून एक सावत्र भाऊ म्हणवणारा. असा सगळा मामला.

हाराल्डच्या मागं त्याची मुलं. इंगे हा राणीचा, म्हणजे औरस, पण लहानपणीच्या एका लढाईत दुखापत होऊन पाठ वाकडी झालेला. सिगुर्ड मुन आणि आयस्टाइन हे लग्नाबाहेरचे. तिघं मिळून राज्य करत होते, मोठे झाले तसं फाटलं. ११५५ मध्ये सिगुर्ड मारला गेला, ११५७ मध्ये आयस्टाइन, आणि मेलेल्यांच्या पक्षानं लगेच सिगुर्डचा दहा वर्षांचा पोरगा हाकोन याला राजा केलं. फेब्रुवारी ११६१ मध्ये ओस्लोजवळ बर्फावर झालेल्या लढाईत इंगे पडला.

आता इथून आपली केस सुरू.

इंगेला वारस नाही. त्याच्या पक्षाकडं सरदार आहेत, जहाजं आहेत, पैसा आहे, फक्त राजा नाही. आणि राजाशिवाय पक्ष म्हणजे नुसती टोळी, उद्या हाकोन पकडून लटकवेल. पक्षातला सगळ्यात वजनदार माणूस ग्रेगोरियुस हा इंगेच्या महिनाभर आधीच मारला गेलेला, त्यामुळं पुढारपण आपसूक आलं एर्लिंगकडं. हा पश्चिम किनाऱ्यावरच्या एत्नेचा सरदार, राजघराण्यातला नाही. तरुणपणी ऑर्कनी बेटांच्या यार्लबरोबर (यार्ल म्हणजे राजाच्या खालोखालचा मोठा सरदार) जेरुसलेमला गेला होता, वाटेत समुद्रावरच्या एका झटापटीत मानेवर वार बसला आणि मान कायमची कलली, म्हणून लोक त्याला स्काक्के म्हणायचे, म्हणजे तिरका. हुशार, बोलण्यात थंड, आणि बायको कोण, तर क्रिस्तीन, ११३० मध्ये गेलेल्या त्या पहिल्या राजा सिगुर्डची औरस मुलगी.

बर्गनमध्ये पक्षाची बैठक बसली. एकेक नाव पुढं आलं, एकेक कारणानं मागं पडलं, आणि शेवटी सगळ्यांची नजर गेली एर्लिंग-क्रिस्तीनच्या मुलावर, माग्नुसवर. वय पाच. आईकडून राजाचा नातू, बापाकडून काहीच नाही. या राजांचा इतिहास लिहिणारा आइसलँडचा स्नोरी या सगळ्याचं वर्णन असं करतो की जणू एर्लिंगला हे नको नको म्हणत घ्यावं लागलं. आता स्नोरीनं लिहिलं तेव्हा मध्ये साठ-सत्तर वर्षं गेलेली, त्यामुळं त्या खोलीत नेमकं काय झालं ते सोडून द्या, पण बायको राजकन्या, मुलगा पाच वर्षांचा, आणि पक्षाला असा राजा पाहिजे की जो पंधरा वर्षं तरी मध्ये बोलणार नाही, यात एर्लिंगला काही सुचलंच नसेल असं मानायला मी तयार नाही.

अडचण उघड होती. जुन्या नियमात राजा व्हायला बाप राजा असावा लागतो. आईकडून राजाचा नातू ही कॅटेगरीच नव्हती. समोर हाकोन, दासीचा का असेना, पण राजाचा मुलगा, म्हणजे रूढीप्रमाणं त्याचा हक्क शंभर टक्के.

मग एर्लिंगनं काय केलं, तर पहिल्यांदा पोराला घेऊन तो थेट डेन्मार्कला गेला. राजा वाल्देमारची आई आणि क्रिस्तीनची आई या सख्ख्या बहिणी, कीवच्या राजकन्या, म्हणजे क्रिस्तीन आणि वाल्देमार मावसभावंडं. नातं कामाला आलं पण फुकट नाही, वाल्देमारनं बदल्यात विकेन मागितलं. विकेन म्हणजे ओस्लोच्या खाडीभोवतीचा सगळा पट्टा, नॉर्वेचा सगळ्यात समृद्ध भाग. एर्लिंग हो म्हणाला. देणार होता का? माझ्या मते त्या क्षणी त्याला फक्त जहाजं आणि पाठबळ पाहिजे होतं, उद्याचं उद्या.

डॅनिश मदत घेऊन परत आला आणि ११६२ च्या जुलैत सेक्केन बेटाजवळ हाकोन मारला गेला, वय पंधरा. त्याच्या पक्षानं लगेच सिगुर्ड मुनचा दुसरा मुलगा उभा केला, ११६३ मध्ये तोही मेला आणि त्यांचा पुढारी सिगुर्ड यार्लही. त्या दरम्यान एर्लिंगनं थिंगकडून एक असला ठराव करून घेतला की सिगुर्ड यार्ल आणि त्याच्या सगळ्या माणसांना, जिवंत असोत की मेलेले, सैतानाच्या हवाली केलं आहे. असं आधी कोणी केलं नव्हतं. शत्रूला मारायचं, हे ठीक, सगळेच मारायचे, पण मेल्यानंतरचीही वाट बंद करायची, इथं कळतं की हा माणूस भांडण मिटवायला बसलेला नाही, समोरची बाजू मुळासकट काढायला बसलाय.

पण तलवारीनं शत्रू संपतो, क्लेम पक्का होत नाही. त्यासाठी पाहिजे होतं चर्च.

इथं आर्चबिशप आयस्टाइन येतो (वरचा राजा आयस्टाइन वेगळा, नावांचा घोळ मी आधीच सांगितलाय). निदारोस म्हणजे आजचं त्रॉन्दहाइम, तिथं आर्चबिशपचं पीठ होऊन जेमतेम दहा वर्षं झालेली, चर्चला जम बसवायचा होता. आयस्टाइननं आपल्या भागात चर्चला मिळणारे दंड नेहमीच्या हलक्या चलनात न घेता शुद्ध चांदीच्या हिशोबानं घ्यायला सुरुवात केली, म्हणजे वसुली सरळ दुप्पट. एर्लिंग त्याला भेटायला गेला आणि स्नोरीनं त्या दोघांचं जे बोलणं लिहिलंय ते मला या सगळ्या केसचं मर्म वाटतं. एर्लिंग विचारतो, ही दुप्पट वसुली संत ओलावच्या, म्हणजे पुढं संत मानल्या गेलेल्या जुन्या राजाच्या, कायद्यात बसते का? आर्चबिशप म्हणतो, लोकांनी राजीखुशीनं मान्य केलंय, आणि देवाचा हक्क वाढवायला कायद्यात बंदी नाही, आणि कायद्याचंच काढायचं तर ज्याचा बाप राजा नाही त्याला राजा करणं हे कुठल्या कायद्यात बसतं? एर्लिंग शांतपणे म्हणतो, माग्नुसला घेतलं ते तुमच्याही संमतीनं. आर्चबिशप आठवण करून देतो की तुम्ही तेव्हा देवाचा हक्क वाढवायचं कबूल केलं होतं. मग एर्लिंगची ऑफर, जुन्या रीतीत माग्नुस बसत नसेल तर तुमच्याकडं नवी रीत आहे ना, मुकुट घाला, तेल लावून अभिषेक करा, मग देवाच्या कायद्यानं तो राजा, आणि आम्ही तुमच्या मागं उभे.

शब्द स्नोरीचे असतील, व्यवहार मात्र चोख आहे. दोघंही कायद्याच्या बाहेर, दोघांनाही ते माहीत, आणि दोघांनीही एकमेकांचं झाकायचं ठरवलं.

११६३ मध्ये (काही जण ११६४ धरतात) बर्गनमध्ये पोपचा प्रतिनिधी स्टेफानुस हजर असताना माग्नुसचा राज्याभिषेक झाला. वय सात-आठ. स्कँडिनेव्हियातला हा पहिला राज्याभिषेक, म्हणजे जिथं आधीपासून ताकदवान राजे होते त्या डेन्मार्कच्या आधी नॉर्वेत, आणि तोही सगळ्यात कच्चा हक्क असलेल्या मुलाचा. कच्चा होता म्हणूनच, ज्याचा बाप राजा त्याला तेल-मुकुटाची काय गरज.

याच सुमारास नवा वारसा कायदाही आला. एकच राजा. तो मेलेल्या राजाचा थोरला औरस मुलगा, दुष्ट किंवा बिनडोक नसेल तर. तो लायक नसेल तर औरस भावांपैकी कोण, हे बिशप आणि प्रत्येक बिशपच्या भागातून निवडलेली बारा शहाणी माणसं निदारोसला जमून ठरवणार, आणि मेलेल्या राजाचा मुकुट त्याच्या आत्म्यासाठी संत ओलावला अर्पण. कागदावर बघितलं तर फार चांगला कायदा, रोजची मारामारी थांबवणारा. गंमत एवढीच की ज्याच्यासाठी केला तो स्वतः त्याच्या पहिल्या वाक्यात बसत नव्हता, माग्नुस हा कुठल्याच राजाचा थोरला औरस मुलगा नव्हता, त्याचा बाप तर हा कायदा करून घेणाऱ्यांत होता.

आणि कायद्याचा दुसरा परिणाम कोणी फारसा बोलत नाही. लग्नाबाहेरच्या मुलांचा हक्क एका फटक्यात गेला. पूर्वी असा कोणी आला की त्याला चाचणी द्यायला लावायची सोय होती, चालला फाळांवरून तर घ्या वाटेकरी म्हणून. आता त्याची चाचणी कशाला, खरा निघाला तरी हक्क शून्य. म्हणजे आत यायचा दरवाजाच बंद. मग जो येणार तो फौज घेऊनच येणार.

वाल्देमारचं उधार तर बाकीच होतं. त्यानं विकेन मागितलं तेव्हा एर्लिंगनं प्रश्न तिथल्या थिंगपुढं ठेवला आणि लोकांनी साफ सांगितलं की आम्ही डॅनिश राजाचे होणार नाही. झालं, माझा काय दोष, लोक नाही म्हणतात! वाल्देमार आरमार घेऊन आला, लोकांनी थंडपणा दाखवला, तो परत गेला, एर्लिंगनं उलट डेन्मार्कच्या किनाऱ्यावर छापा टाकला. पण विकेनला डेन्मार्कचं धान्य लागायचं, ते बंद पडल्यावर लोक कावले. शेवटी क्रिस्तीन स्वतः मावसभावाकडं गेली, बोलणं करून आली, मग एर्लिंग गेला आणि ११७० च्या आसपास तोडगा निघाला की एर्लिंगनं वाल्देमारचा यार्ल व्हायचं आणि विकेन त्याच्याकडून जहागीर म्हणून सांभाळायचं. म्हणजे प्रदेश कागदोपत्री वाल्देमारचा, हातात एर्लिंगच्या. नॉर्वेच्या राजाचा बाप डेन्मार्कच्या राजाचा यार्ल, हे कोणाला खटकलं नसेल असं नाही. क्रिस्तीननं हे एवढं जमवलं आणि पुढं ती नवऱ्याला सोडून दुसऱ्या एकाबरोबर कॉन्स्टँटिनोपलला निघून गेली, ते का, याचा थोडा अंदाज खाली येईल.

दरम्यान शत्रू उगवतच होते. ११६६ मध्ये ओलाव नावाचा दावेदार उठला, तोही एका राजाचा मुलीकडून नातू, म्हणजे तंतोतंत माग्नुससारखाच क्लेम! तुमचा चालतो तर माझा का नाही, याला एर्लिंगकडं उत्तर काय असणार. ओलावनं एकदा रात्री छापा घालून एर्लिंगला जवळजवळ संपवलंच होतं, थोडक्यात हुकलं. ११६९ मध्ये तो डेन्मार्कमध्ये आजारानं गेला.

त्यानंतरची हाराल्ड नावाच्या दुसऱ्या एकाची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. हा तरुण पोरगा राजा सिगुर्ड मुन आणि क्रिस्तीनचा मुलगा असल्याचं म्हणत. हो, तीच क्रिस्तीन, म्हणजे माग्नुसचा सावत्र भाऊ. पकडून बर्गनला आणला. माग्नुसला त्याला मारायचं नव्हतं, त्यानं बापाला विनंती केली. एर्लिंगचं उत्तर साधारण असं, की याला जिवंत सोडलं तर सगळे याच्याकडं जातील आणि अशा मऊपणानं तुझं राज्य फार दिवस टिकणार नाही. हाराल्डचं मुंडकं उडवलं. राजकारणाच्या हिशोबानं बघितलं तर एर्लिंग चुकत नव्हता, राजाचा मुलगा तो राजाचा मुलगा, लोकांच्या मनात जुना नियमच होता. पण अभिषेक झालेल्या राजाच्या बापाला दहा वर्षांनीही इतकी भीती वाटत असेल तर त्या तेलानं आणि कायद्यानं नेमकं कमावलं काय?

११७४ मध्ये अजून एक, मारल्या गेलेल्या राजा आयस्टाइनचा मुलगा. याच्याभोवती जमलेली माणसं म्हणजे एर्लिंगनं ज्यांच्या जमिनी, घरं, नातेवाईक घेतले ती, जंगलात राहून राहून कपडे फाटले तेव्हा पायांना बर्च झाडाची साल गुंडाळून फिरणारी. लोकांनी चेष्टेनं नाव ठेवलं बिर्केबाइनर, बर्चपाये. जानेवारी ११७७ मध्ये टन्सबर्गजवळच्या रे इथं त्यांचा चुराडा झाला आणि त्यांचा राजा एका शेतकऱ्याच्या हातून मारला गेला.

आता हिशोब करा. मैदानात राजाचा मुलगा म्हणून सगळ्यांनी ओळखलेला कोणी उरला नाही. एर्लिंगनं काम पूर्ण केलं होतं. आणि नेमक्या याच वेळी फॅरो बेटांवरून आलेला एक पंचविशीतला पाद्री, स्वेर्रे, या उरल्यासुरल्या बर्चपायांना भेटला. त्याचं म्हणणं, आई रोमला यात्रेला गेली तेव्हा तिनं खरं सांगितलं, माझा बाप राजा सिगुर्ड मुन. साक्षीदार कोण? आई. पुरावा? नाही. आज बहुतेक इतिहासकार यावर भुवई उंचावतात. त्याची सगळी कहाणी ज्या सागात (सागा म्हणजे तिकडची जुनी गद्य चरित्रकथा) आहे तिचा पहिला भाग कार्ल नावाच्या आइसलँडच्या मठाधिपतीनं लिहिला आणि शेजारी बसून काय लिहायचं ते स्वेर्रेनंच सांगितलं, हे प्रस्तावनेतच नोंदलंय. जेव्हा चार खरे राजपुत्र जिवंत असतात तेव्हा अशा माणसाला कोण विचारतं? तो पाचवा, शंकास्पद, लांबून आलेला. पण खरे सगळे गाडल्यावर, शिल्लक सत्तर-ऐंशी उपाशी माणसांना राजा पाहिजे असताना, तोच पहिला होतो. जागा एर्लिंगनं रिकामी करून दिली.

स्वेर्रेमध्ये एक गोष्ट होती जी आधीच्या कोणात नव्हती, तो खरंच लढाईचा माणूस होता, समोरासमोर भिडायचं टाळून डोंगरातून आडवाटेनं जायचं आणि बेसावध गाठायचं. १९ जून ११७९, निदारोस. एर्लिंगची माणसं रात्रभर पिऊन झोपलेली, पहारा ढिला, स्वेर्रे लांब आहे असं सगळे धरून चाललेले. पहाटे तो शहरावर येऊन धडकला. एर्लिंगला पळता आलं असतं, तो उभा राहिला आणि पडला. माग्नुस पळताना बापाजवळ थांबला, वाकून त्याचा मुका घेतला आणि आनंदाच्या दिवशी भेटू म्हणाला असं स्वेर्रेचीच सागा सांगते, शत्रूच्या कागदात एवढं माणुसकीचं वाक्य टिकलं हे विशेष.

दफनाच्या वेळी भाषण स्वेर्रेनं केलं. आर्चबिशपनं आधी सांगून ठेवलेलं की माग्नुससाठी लढताना जो मरेल त्याचा आत्मा रक्त थंड व्हायच्या आत स्वर्गात पोचेल, तर स्वेर्रे म्हणाला चला, आज आपल्याला बरेच नवे संत मिळाले. खवचटपणा असा की आठशे वर्षांनी वाचतानाही हसू येतं. आयस्टाइन पुढच्या वर्षी इंग्लंडला पळाला.

यानंतरचा एक प्रसंग लोक पटकन ओलांडून जातात पण माझ्या मते तिथं एर्लिंगची योजना स्वतःच्याच पोरावर उलटली. लढून लढून दोघंही दमल्यावर स्वेर्रेनं माग्नुसला सांगितलं, राज्य वाटून घेऊ. जुन्या नॉर्वेत हे अगदी नॉर्मल, असंच चालायचं, आणि माग्नुसचा जीव वाचला असता. माग्नुस म्हणाला, मला पोपच्या प्रतिनिधीसमोर अभिषेक झालाय, मी शपथ घेतलीये, ती मोडता येणार नाही. बापानं क्लेम घट्ट करायला घातलेला मुकुट आता काढता येईना. वाटणी गेली, राहिली फक्त लढाई.

१५ जून ११८४, सोग्नेफ्योर्डमध्ये फिम्राइटे इथं ती झाली. माग्नुसकडं जहाजं जास्त, पण एकेक जहाज गमावत त्याची माणसं उरलेल्या जहाजांवर उड्या मारत गेली, वजनानं जहाजं बुडाली, दोन हजारांवर माणसं मेली असं सागा म्हणते, आणि त्यात माग्नुसही, वय अठ्ठावीस.

पुढं स्वेर्रेलाही हाच ताप झाला. चर्चनं बहिष्कृत केलं, त्यानं ११९४ मध्ये बिशपांना धाक दाखवून स्वतःचा अभिषेक करून घेतला (एर्लिंगचीच युक्ती, नाही का), आणि त्याच्या विरोधात एकामागोमाग एक दावेदार उठले, त्यातले काही माग्नुसचे मुलगे म्हणवणारे! स्वेर्रे १२०२ मध्ये अंथरुणावर मेला, त्या काळी ही मोठीच कमाई. १२०४ मध्ये एर्लिंग नावाचा एक जण माग्नुसचा मुलगा म्हणून पुढं आला आणि त्यानं टन्सबर्गला डेन्मार्कच्या राजासमोर तापलेलं लोखंड हातात घेऊन चाचणी दिली. तिरक्या एर्लिंगनं आयुष्यभर ज्या प्रकारच्या माणसांना संपवलं, त्याचाच नातू म्हणवणारा, त्याच्याच नावाचा माणूस आता त्याच दारात उभा. थोरल्या औरस मुलाचाच पहिला हक्क, हे नॉर्वेत नीट बसायला १२६० उजाडावं लागलं, आणि तो कायदा केला स्वेर्रेच्या नातवानं, ज्याच्या स्वतःच्या आईला पोराचा बाप कोण हे सिद्ध करायला १२१८ मध्ये तापलेलं लोखंड धरावं लागलं होतं.